काडेपेटी कधी घसरते?

दुसरीतल्या भाचीला शाळेतून प्रकल्प मिळाला: घर्षण. घरातल्या प्रत्येकाला एकच कल्पना सुचली. खेळण्यातली गाडी उतारावरून सोडायची, एकदा फरशीवर, एकदा सतरंजीवर, आणि किती लांब जाते ते मोजायचं. मी मोडता घातला. गाडीची चाकं घसरत नाहीत, ती गडगडतात. घर्षण आहे म्हणूनच तर चाक जमिनीला धरून फिरतं. सतरंजीवर गाडी लवकर थांबते, पण त्यात चाक मऊ कापडात रुतणं येतं, आसाचं घर्षण येतं. सात वर्षांच्या मुलीने यातलं नेमकं काय मोजायचं? घसरणं समजून घ्यायचं तर घसरणारी वस्तूच घ्यावी.

आम्ही चार रिकाम्या काडेपेट्या घेतल्या. परीक्षेला नेतात तो गुळगुळीत पॅड, तीसएक सेंटिमीटरची पट्टी, गम आणि रुपयाची काही नाणी. एक काडेपेटी तशीच ठेवली. बाकी तिघींच्या पोटाला अनुक्रमे सुताराचा पॉलिश पेपर, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणि मखमलीचं कापड चिकटवलं. प्रत्येकीत दोन नाणी, ती हलू नयेत म्हणून वर थोडा कापूस. (काडेपेटीच्या कडेची काडी ओढायची पट्टी मात्र वापरायची नाही. तो पृष्ठभाग घर्षणासाठीच बनवलेला असतो, तो मध्ये आला तर सगळा हिशेब बिघडतो.)

पॅडच्या एका टोकाला डबी ठेवायची आणि तेच टोक हळूहळू उचलत जायचं. डबी सुटली की हात तिथेच थांबवायचा आणि ते टोक जमिनीपासून किती उंच आहे ते पट्टीने मोजायचं. स्टॉपवॉच नको, कोन नको. जितकी जास्त उंची, तितकी पकड घट्ट. सेंटिमीटर वाचता येणाऱ्या मुलाला एवढं पुरतं.

मोजण्याआधी भाचीकडून अंदाज लिहून घेतले. ही पायरी गाळू नये, सगळी गंमत तिथेच आहे. तिने सर्वांत वर लिहिलं पॉलिश पेपर, कारण “तो खरखरीत आहे.” मोठ्यांनीही तेच लिहिलं असतं. आमच्या पॅडवर साधी डबी ११ सेंटिमीटरला सुटली, पॉलिश पेपरची १५ ला, आणि गुळगुळीत रबराची थेट २२ ला! मखमल साध्या डबीच्या आसपासच राहिली. भाचीने वहीत आधीचा अंदाज खोडायला रबर काढलं, तेही रबरच. मी खोडू दिलं नाही.

असं का? दोन वस्तू एकमेकींवर ठेवल्या की डोळ्यांना त्या पूर्ण टेकलेल्या दिसतात, पण प्रत्यक्षात उंचवट्यांची टोकंच तेवढी एकमेकांना भिडतात. पॉलिश पेपरचे कण टणक. गुळगुळीत पॅडवर ते मोजक्या टोकांवर उभे राहतात आणि पॅडमध्ये फारसे रुतत नाहीत. रबर मऊ असतं, ते पॅडच्या बारीक खाचाखोचांत दबून बसतं आणि कितीतरी जास्त जागी खरोखर टेकतं. ‘खरखरीत म्हणजे जास्त घर्षण’ हे शाळेत आपण पाठ करतो, ते दर वेळी खरं नसतं.

पुढचा प्रश्न तिनेच विचारला, “मामा, जड डबी आधी घसरेल ना?” साध्या डबीत दोनची आठ नाणी केली. उंची जवळपास तीच, ११. तिला वाटलं, मी पॅड चुकीचा उचलला. पुन्हा केलं, तेच. उतारावर वजनाचा एक भाग डबीला खाली ओढतो आणि दुसरा तिला पॅडवर दाबतो. नाणी वाढली की ओढ आणि दाब दोन्ही एकाच पटीत वाढतात, म्हणून सुटायची उंची बदलत नाही. रबराच्या डबीवर हे इतकं चोख जमेलच असं नाही, म्हणून वजनाचा खेळ साध्या डबीवरच करावा.

मग दोन साध्या डब्या एकदा शेजारी शेजारी चिकटवल्या, एकदा एकीवर एक. वजन तेवढंच, टेकणारी जागा दुप्पट किंवा निम्मी. उंचीत फरक नाही. हे ऐकून कुणाला विश्वास बसला नाही तर नवल नाही. लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे आपल्या वह्यांत टिपलं होतं, पण छापलं नाही. १६९९ मध्ये गियोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ते नव्याने मांडलं, तेव्हा तिथल्या विद्वानांनाही ते सहज पटलं नव्हतं. पुढे शार्ल कुलों या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने याच विषयावर पुष्कळ मोजमापं केली.

एकदा मात्र आकडा एकदम ७ वर आला. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, मधल्या वेळात भाचीबाईंनी पोहे खाल्ले होते आणि तेलकट बोटं पॅडवरून फिरली होती. पॅड पुसला, आकडा परत ११. म्हणून प्रत्येक डबी तीनदा मोजावी आणि मधला आकडा धरावा. कॅरमची पावडर टाकून पाहायची असेल तर ती सर्वांत शेवटी, कारण एकदा पॅडवर बसली की सहज निघत नाही. ती तोंडात जाऊ देऊ नये, हेही आलं.

घरात आठवी-नववीतलं मोठं भावंड असेल तर त्याला एक काम द्यावं. डबी सुटते तेव्हाची उंची भागिले पॅडच्या दोन टोकांमधलं जमिनीवरचं अंतर, हा घर्षणाचा गुणांक. आमचा पॅड ३५ सेंटिमीटरचा. ११ च्या उंचीला जमिनीवरचं अंतर ३३ च्या आसपास येतं, म्हणजे गुणांक साधारण ०.३३. रबराचा याच रीतीने ०.८ च्या घरात गेला.

भाचीचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. “सुटली की मध्ये थांबत का नाही?” स्थिर वस्तूला हलवायला लागणारा जोर ती सरकत ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. कपाट हलवताना पहिला धक्काच जड जातो, ते याचमुळे.

शेवटी पॅड आडवा ठेवून त्यावर मोहरीचे दाणे पसरले आणि वर साधी डबी ठेवली. तिने फुंकर मारली, डबी पार पॅडखाली गेली. आता गाडी आणायला हरकत नव्हती.