टेनमेंट (न्यूयॉर्क)

टेनमेंट : एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये कामगार आणि स्थलांतरित कुटुंबांना भाड्याने देण्यासाठी बांधलेली बहुमजली इमारत. तीनपेक्षा अधिक कुटुंबे जिथे भाड्याने स्वतंत्र राहतात आणि आपापला स्वयंपाक तिथेच करतात ते टेनमेंट, अशी व्याख्या राज्याच्या 1867 च्या कायद्याने केली. श्रीमंतांचे फ्लॅटही या व्याख्येत बसत, पण लोकांच्या बोलण्यात टेनमेंट हे गरिबाचेच बिऱ्हाड होते. मराठी वाचकाला चाळ आठवेल. मात्र चाळीला उघडी गॅलरी असते. इथे इमारतीच्या पोटात अंधारा जिना आणि त्याच्या दोन्ही अंगांना दारे.

अडचणीचे मूळ जमिनीच्या मापात होते. मॅनहॅटनमधला भूखंड साधारण 25 फूट रुंद आणि 100 फूट खोल. एका कुटुंबाच्या घराला ते माप ठीक होते. मालकांनी त्यावर पाच-सहा मजले चढवले आणि मागचे अंगणही जेमतेम ठेवले. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकीमागे एक. खिडक्या फक्त रस्त्याकडच्या आणि अंगणाकडच्या खोलीला. मधल्या खोल्यांत दिवसाही दिवा लागे. पाणी अंगणातल्या नळावरून वर न्यायचे, संडासही अंगणातच.

तरीही माणसे येत राहिली, कारण रोजगार इथे होता. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातून आलेले आयरिश, त्यांच्याच आगेमागे जर्मन, 1881 मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या खुनानंतर उसळलेल्या ज्यूविरोधी दंगलींपासून निसटलेली रशियन साम्राज्यातली ज्यू कुटुंबे आणि दक्षिण इटलीतले शेतमजूर. 1855 ते 1890 या काळात ती कॅसल गार्डनच्या धक्क्यावर उतरत, 1 जानेवारी 1892 पासून एलिस बेटावर. गोदी, गोदामे आणि कारखाने चालत गाठता येतील एवढ्या अंतरावर राहणे भाग होते. रोजच्या ट्रामचे भाडे मजुरीत बसत नसे. म्हणून मॅनहॅटनच्या आग्नेय भागातल्या लोअर ईस्ट साइडला गर्दी वाढतच गेली. 1890 च्या सुमारास तिथल्या दहाव्या वॉर्डात एकरी 500 हून अधिक माणसे राहत. भाडे निघावे म्हणून त्याच दोन-तीन खोल्यांत पोटभाडेकरूही ठेवले जात.

घर हाच कारखाना होता, ही गोष्ट अनेकदा नजरेआड होते. कापलेले कापड मुकादम घेऊन येई. खिडकीजवळ शिलाई मशीन, चुलीवर तापणाऱ्या इस्त्र्या, आणि काजे-बटणांना बायका-मुले. सिगार वळण्याचे कामही असेच घराघरांत चाले. कामगार नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांनी तरुण आमदार थिओडोर रूझवेल्ट यांना ही घरे फिरून दाखवली. पुढे 1884 मध्ये टेनमेंटमध्ये सिगार बनवण्यावर बंदीचा कायदा झाला. 1885 मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो रद्द केला. कारागिराला त्याच्या घरातून बाहेर काढल्याने त्याची प्रकृती कशी सुधारणार, असा न्यायालयाचा प्रश्न होता. त्या घरात एकदा पाऊल टाकले असते तर तो प्रश्न पडला नसता.

सगळ्यांत बोधक कथा 1879 च्या कायद्याची आहे. प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेची खिडकी हवी, असा आग्रह सुधारकांनी धरला होता. एका व्यावसायिक नियतकालिकाने आराखड्यांची स्पर्धा घेतली. तीत वास्तुरचनाकार जेम्स वेअर यांचा आराखडा पहिला आला. इमारत दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये आवळलेली, म्हणून नाव पडले ‘डंबेल’. शेजारच्या दोन इमारतींच्या खाचा मिळून मध्ये अरुंद बोळ तयार होई आणि मधल्या खोल्यांच्या खिडक्या त्यात उघडत. कागदावर अट पुरी झाली. मजल्यावर चार बिऱ्हाडे, चौदा खोल्या; त्यांतल्या फक्त चार खोल्यांना रस्त्याची किंवा अंगणाची हवा. उरलेल्यांना मिळाला तो बोळ : त्यात वरून कचरा पडे, शेजारचे भांडण आणि कुजका वास वर येई, आणि आग लागली की तोच धुराडे बने. या घरांत क्षयरोग मुक्कामाला होता. ऑगस्ट 1896 च्या उष्म्याच्या लाटेत शेकडो माणसे मेली. लोक गच्चीवर आणि आगीच्या वेळी उतरण्यासाठी बाहेरून बसवलेल्या जिन्यावर झोपत.

डेन्मार्कहून 1870 मध्ये आलेला पत्रकार जेकब रीस रात्री फ्लॅशची पूड पेटवून या खोल्यांची छायाचित्रे घेई. 1890 मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि शहर हादरले. मलबेरी बेंड ही कुप्रसिद्ध वस्ती पाडून 1897 मध्ये तिथे बाग झाली. रीसचे ऋण मोठे आहे, पण इटालियन, ज्यू आणि चिनी लोकांबद्दलची त्याची भाषा पूर्वग्रहाने भरलेली होती, हेही नोंदवले पाहिजे. लिलियन वॉल्ड या परिचारिकेने वेगळी वाट धरली. 1893 पासून ती त्याच वस्तीत राहून घरोघरी रुग्णसेवा करू लागली. तिच्या कामातून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था उभी राहिली.

1900 मध्ये गृहसुधारक लॉरेन्स व्हेलर यांनी एक प्रदर्शन भरवले. त्यात चारही बाजूंना रस्ते असलेल्या एका खऱ्या इमारतगटाची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती : 39 इमारती, 605 बिऱ्हाडे, 2,781 माणसे, 264 संडास आणि न्हाणीघर एकही नाही. त्या वेळी शहराच्या सुमारे 34 लाख वस्तीपैकी दोन तृतीयांश लोक टेनमेंटमध्ये राहत होते. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला. अरुंद बोळाऐवजी मोठे चौक आणि नव्या इमारतींत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास आवश्यक ठरला. अंमलबजावणीसाठी वेगळे खाते निघाले. जुन्या इमारती मात्र उभ्याच राहिल्या. 97 ऑर्चर्ड स्ट्रीट ही 1863 ची इमारत त्यांपैकी एक. नव्या अटींचा खर्च टाळण्यासाठी मालकाने 1935 मध्ये वरच्या मजल्यांवरचे भाडेकरू काढले. खालची दुकाने चालू राहिली. वरच्या खोल्या मात्र अर्धशतक बंद होत्या. आता तिथे टेनमेंट संग्रहालय आहे.