ड्रॉइड रेझर मॅक्स

मोटोरोला मोबिलिटी या अमेरिकन कंपनीने २०१२ च्या जानेवारीत बाजारात आणलेला अँड्रॉइड स्मार्टफोन. अमेरिकेत तो व्हेरायझन या मोबाइल सेवा कंपनीच्या जाळ्यावर, दोन वर्षांच्या करारासह २९९.९९ डॉलरला मिळत असे. ३,३०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आणि फोनला संगणकासारखे वापरू देणारे डॉक (फोन बसवायचे जोडउपकरण) ही त्याची दोन वैशिष्ट्ये होत. दिवसभर टिकणारा फोनच संध्याकाळी टेबलावरचा संगणक होऊ शकतो, हे दोन्हींमागचे सूत्र होते. म्हणून त्यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

मॅक्सचा जन्म एका उणिवेतून झाला. २०११ च्या नोव्हेंबरात आलेला ड्रॉइड रेझर अवघा ७.१ मिमी जाडीचा होता आणि त्याच्या सडपातळपणाचे बरेच कौतुक झाले. परंतु त्यात १,७८० मिलिअँपिअर-तासांचीच बॅटरी मावली होती. व्हेरायझनने आपली एलटीई (चौथ्या पिढीची, वेगवान मोबाइल डेटाची) सेवा २०१० च्या डिसेंबरात सुरू केली होती आणि सुरुवातीचे एलटीई फोन वीज भराभर संपवत. त्या जाळ्यावर बोलणे जुन्या सीडीएमए पद्धतीने आणि डेटा एलटीईवरून चालत असल्याने फोनला दोन्ही रेडिओ सांभाळावे लागत, शिवाय मोडेम (मोबाइल जाळ्याशी संपर्क ठेवणारी चिप) मुख्य प्रोसेसरपासून वेगळा असे. त्यामुळे दुपारीच चार्जर शोधण्याची वेळ अनेकांवर येई. मोटोरोलाने यावर सरळ उपाय केला: पडदा, प्रोसेसर, केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याची पाठ असे सारे तसेच ठेवून केवळ बॅटरी मोठी केली. जाडी ८.९९ मिमी झाली, वजन १२७ ग्रॅमवरून १४५ ग्रॅमवर गेले आणि बोलण्याचा दावा केलेला अवधी साडेबारा तासांवरून साडेएकवीस तासांवर पोहोचला. दोन मिलिमीटरांहूनही कमी जाडीच्या मोबदल्यात जवळपास ८५ टक्के अधिक क्षमता मिळाली. सगळे उत्पादक पातळपणाच्या शर्यतीत असताना घेतलेला हा निर्णय विशेष महत्त्वाचा मानला पाहिजे. बॅटरी मात्र वापरणाऱ्याला काढता येत नसे.

बाकी रचना त्या काळच्या वरच्या श्रेणीतली होती: ४.३ इंची अ‍ॅमोलेड पडदा, १.२ गिगाहर्ट्‌झचा दुहेरी गाभ्याचा प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा.

डॉकची कल्पना मॅक्सपेक्षा जुनी आहे. २०११ मध्ये आलेल्या मोटोरोलाच्या अ‍ॅट्रिक्स ४जी या फोनसोबत ‘लॅपडॉक’ प्रथम दिसला. बाहेरून तो ११.६ इंची लॅपटॉपच वाटे. कळफलक होता, टचपॅड होते, स्वतःची बॅटरी होती, पण आत प्रोसेसरच नव्हता. बिजागरीच्या मागे शेजारीशेजारी मायक्रो-यूएसबी आणि मायक्रो-एचडीएमआय अशा दोन पिना असत. फोन त्यांवर बसवला की मोठा पडदा उजळे आणि ‘वेबटॉप’ हे लिनक्सवर आधारलेले वातावरण सुरू होऊन त्यात डेस्कटॉपचा फायरफॉक्स उघडे. एका चौकटीत फोनचा स्वतःचा पडदा दिसे, त्यातून कॉलही घेता येई. काम चालू असताना लॅपडॉकच्या बॅटरीवर फोन चार्ज होत राही. रेझर मालिकेसाठी पुढे १०.१ इंची लॅपडॉक १०० आणि १४ इंची लॅपडॉक ५०० प्रो आले. टीव्ही किंवा मॉनिटरला फोन जोडणारे स्थानक आणि गाडीत बसवण्याचा डॉक हेही उपलब्ध होते.

कल्पना उत्तम असूनही तिचा प्रसार झाला नाही, आणि त्याची कारणे तिच्या मांडणीतच होती. अ‍ॅट्रिक्सचा लॅपडॉक स्वतंत्रपणे घेतल्यास सुमारे ५०० डॉलर पडत. एवढ्या पैशांत साधा लॅपटॉप येत असे. मोबाइल जाळ्यावरून वेबटॉपचा ब्राउझर वापरायचा तर एटी अँड टी या सेवादात्याची टेदरिंगची (फोनचे इंटरनेट दुसऱ्या उपकरणावर वापरण्याची) जादा योजना घ्यावी लागे, वास्तविक इंटरनेट त्याच फोनचे असे. त्यात १ जीबी रॅमवर अँड्रॉइड आणि डेस्कटॉपचा ब्राउझर एकाच वेळी चालवताना संथपणा जाणवे. अँड्रॉइड ४.० सोबत वेबटॉपला लिनक्सऐवजी टॅबलेटसारखे रूप देण्यात आले, आणि २०१२ च्या ऑक्टोबरात मोटोरोलाने ही योजनाच थांबवली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनी गूगलच्या मालकीची झाली होती.

मोठ्या बॅटरीची वाट मात्र पुढे चालू राहिली. २०१३ च्या ड्रॉइड मॅक्समध्ये ३,५०० आणि २०१४ च्या ड्रॉइड टर्बोमध्ये ३,९०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी होती. डॉकची कल्पनाही इतरांनी उचलली: मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ल्युमिया ९५० साठी कंटिन्युअम, तर सॅमसंगने २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ साठी डेक्स आणले. खुद्द मोटोरोला २०२१ मध्ये ‘रेडी फॉर’ या नावाने त्याच मार्गावर परतली.

उरलेल्या लॅपडॉकना दरम्यान वेगळेच आयुष्य लाभले. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक आला, तेव्हा हौशी तंत्रज्ञांनी जोडतारा बदलून तो लॅपडॉकच्या त्याच दोन पिनांना जोडला; पडदा, कळफलक आणि वीज तिन्ही गोष्टी त्याला एका ठिकाणी मिळाल्या.