मुक्त व स्थानिक पत्रकारांचे धैर्य पुरस्कार

पगारी नोकरी नसलेले मुक्त पत्रकार म्हणजे फ्रीलान्सर, आणि ज्या गावात राहतात तिथलीच बातमी देणारे स्थानिक पत्रकार, यांनी जोखीम घेऊन केलेल्या कामासाठी दिले जाणारे पुरस्कार. दोघांच्याही मागे ऑफिसचा वकील नसतो, विमा नसतो, म्हणून यांचा वेगळा विचार.

पुण्यात ‘निर्भीड पत्रकारिता’ म्हटलं की बहुतेकांना केसरी (१८८१) आठवतो, आणि कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या दिवाणांवर केलेल्या टीकेवरून झालेल्या मानहानीच्या खटल्यात, १८८२ साली टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात काढलेले १०१ दिवस. पण निर्भीड हा शब्द मताला लागतो, अग्रलेखाला लागतो, आणि ते दोघं स्वतःच पत्र चालवणारे होते. इथे ज्या पुरस्कारांबद्दल बोलतोय ते जागेवर जाऊन बातमी आणणाऱ्याचे आहेत, त्यामुळे ‘धाडस’ किंवा ‘धैर्य’ जास्त बरोबर वाटतं. ६ जानेवारीच्या, म्हणजे दर्पण दिनाच्या (मराठी पत्रकार दिनाच्या) कार्यक्रमांत हे तिन्ही शब्द सरसकट वापरले जातात ते सोडा.

खरा घोळ आहे तो ‘स्ट्रिंगर’चा. तालुक्याला बसून बातमीमागे पैसे घेणारा माणूस मुक्त म्हणायचा की स्थानिक? शब्द कुठून आला यावरही एकमत नाही. छापून आलेल्या कॉलमची लांबी दोरीने मोजून पैसे देत, त्या दोरीवरून स्ट्रिंगर, ही गोष्ट सगळ्यात लोकप्रिय आहे आणि कदाचित म्हणूनच जरा जपून घ्यावी; दुसरं मत म्हणजे शब्द गुंफणारा तो स्ट्रिंगर, हे साधं आहे आणि जास्त पटतं; तिसरं, ज्याला पेपर नुसता लटकवत ठेवतो तो, हे मात्र मागाहून कुणीतरी वैतागून जोडलेलं दिसतं (आपल्याकडच्या वार्ताहरांना विचाराल तर ते तिसऱ्यालाच मत देतील). आपला ‘वार्ताहर’ शब्द याबाबत काहीच सांगत नाही, तो पगारी आहे की नाही हे त्यात नाहीच.

हे पुरस्कार बहुतेक कुणाच्या तरी मृत्यूनंतर सुरू झालेत. रोरी पेक हा मुक्त कॅमेरामन ऑक्टोबर १९९३ मध्ये मॉस्कोत ओस्तांकिनो टीव्ही केंद्रापाशी गोळीबारात मारला गेला, त्याच्या नावाचा ट्रस्ट १९९५ चा, आणि त्यांचे पुरस्कार मुख्यतः फ्रीलान्स कॅमेरावाल्यांच्या कामाला. मार्टिन ॲडलर या स्वीडिश मुक्त पत्रकाराला २००६ मध्ये मोगादिशूत गोळी घातली, त्याच्या नावाचं पारितोषिक नंतर याच पुरस्कारांत आलं. कर्ट शॉर्क वयाच्या चाळिशीच्या आसपास पत्रकारितेत आला, १९९१ च्या सुमारास कुर्दिस्तानातून फ्रीलान्स बातम्या देऊ लागला, मग रॉयटर्समध्ये गेला आणि २४ मे २००० ला सिएरा लिओनमध्ये दबा धरून केलेल्या हल्ल्यात गेला. त्याच्या नावाचे पुरस्कार साधारण २००२ पासून दिले जाऊ लागले, आणि फ्रीलान्सर व स्थानिक पत्रकार असे दोन गट आधीपासून वेगळे ठेवणारे म्हणून या नोंदीत ते महत्त्वाचे. भारतातल्या नेहा दीक्षित यांना हा मिळालाय, शिवाय सीपीजे या पत्रकारांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेचा २०१९ चा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही. सीपीजेचाच २०१६ चा छत्तीसगडमधल्या बस्तरमधून लिहिणाऱ्या मालिनी सुब्रमण्यम यांना होता.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा २०१७ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. पुरस्कारांपेक्षा तो जास्त चर्चेत असतो, आणि ते बरोबरच आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला बारसू रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिसे यांना गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले, पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. ते एका छोट्या स्थानिक पेपरचे पत्रकार होते. आपल्याकडचे पुरस्कार मात्र जिल्हा, विभाग, ग्रामीण, शहरी अशा वाटणीने चालतात, मुक्त की पगारी हा प्रश्न त्यात सहसा विचारला जात नाही.

शॉर्क पुरस्कारांत २०१७ पासून तिसरा गट आला, न्यूज फिक्सरचा. म्हणजे बाहेरून आलेल्या पत्रकाराला गाडी, दुभाषा, ओळखी, कुठे जायचं आणि कुठे नाही हे सगळं बघून देणारा स्थानिक माणूस. मराठीत याला नीट शब्द नाही, फिक्सर म्हटलं की लोकांना मॅच फिक्सिंग आठवतं. पुण्याच्या बातमीदारांच्या बोलण्यात ‘आपला तिथला माणूस’ एवढंच असतं, आणि बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीवर बातमीदाराचं नाव छापतात त्या ओळीत, त्याचं नाव नसतं.