हरियाल झाडं लावत नाही, तांबट लावतो

"दोनी हिरवे, दोनी पिंपळावर, दोनी फळं खाते. मंग फरक काय राह्यला?" आमच्या धुऱ्यावरच्या पिंपळाखाली बसून शेजारच्या काकांनी विचारलं. वर पन्नासेक हरियाल होते, पण पानांत एकही दिसत नव्हता.

हरियाल सगळ्यांना ठाऊक आहे. राज्यपक्षी, पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर. तांबट चिमणीहून जरासा मोठा, कपाळ लाल, भर उन्हात टुक-टुक करत बसणारा. दोघांनाही "पोपट" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

पण "हरियाल जंगल पेरतो" हे वाक्य शाळेतल्या फलकापासून निसर्गफेरीपर्यंत ऐकलं की डोकं फिरतं. फळ खाल्लं म्हणजे बी पेरलं, असं नसतं. बी पोटातून कशी बाहेर पडते, ते बघा. कलेजीसोबत कोंबडीचा पेटा खाल्लाय ना? तो जाड, चिवट स्नायू म्हणजे पक्ष्याचं जातं. हरियालाचा पेटा असाच दणकट. पिंपळाचं फळ तो अख्खं गिळतो आणि आतल्या खसखशीएवढ्या बियाही दळून पचवतो. एखादी निसटते, बाकीचं पीठ. दाणे खाणाऱ्या पारव्याचाच तो भाऊबंद, फक्त फळांच्या रूपात दाणे खातो. (दूरच्या पूर्वेकडच्या बेटांवरची काही फळखाऊ कबुतरं बिया शाबूत टाकतात, म्हणून "कबूतर" एवढ्यावर निकाल लावू नये.)

तांबटाचं पोट मऊ. गर पचतो, बी तशीच बाहेर पडते. मोठी बी असली तर तो चोचीतूनच परत काढून टाकतो. तो बसतो त्या फांदीखालचा दगड बघा: विष्ठेत बारीक दाणे अख्खे दिसतील.

पिल्लांचं म्हणाल तर तांबट फळांसोबत किडेही भरवतो. हरियाल कबुतरांच्या रिवाजाप्रमाणे गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य पाजतो. हे लोकांना माहीत नसलं तरी मला राग येत नाही.

काकांच्या विहिरीच्या कठड्यात पिंपळ फुटलाय. आळ हरियालावर. मी म्हटलं, "काका, चौकशी करायची तर तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंकी यायची करा." काकांनी वर बघितलं आणि म्हणाले, "चौघं? मंग सापडला का चोर!"