प्रकाशविद्युत अंतर-सेन्सरची बसवणी

वस्तूवर प्रकाशझोत टाकून, परतलेल्या प्रकाशावरून तिचे अंतर सांगणारा सेन्सर यंत्रावर बसवण्याची पद्धत. लांबच्या मापासाठी प्रकाशाला जाऊन-येऊन लागलेला वेळ मोजतात. १ मिमी अंतराला तो जेमतेम ६.७ पिकोसेकंद भरतो. जवळच्या, बारीक मापासाठी त्रिकोणन वापरतात: लेझरचा ठिपका वस्तूवर पडतो आणि बाजूच्या भिंगातून तो ग्राहक चिपवर कुठे उमटतो, त्यावरून अंतर निघते. पुढील माहिती मुख्यतः त्रिकोणनाच्या सेन्सरची आहे.

सर्वाधिक चुका दिशेच्या असतात. प्रेषक आणि ग्राहक भिंगांना जोडणारी रेषा वस्तूच्या कडेला, पायरीला किंवा रंगाच्या सीमेला समांतर हवी. ती कडेला काटकोनात पडली तर पायरीचा उंच भाग परतीचा प्रकाश अडवतो. काळ्या-पांढऱ्या सीमेवर ठिपक्याचा अर्धा भाग मंद होतो, चिपवरचा त्याचा मध्य सरकतो आणि सपाट पृष्ठभागावरही उंचवटा दिसतो. अरुंद खाचेत ही रेषा खाचेच्या लांबीने, फिरत्या शाफ्टवर अक्षाला समांतर ठेवावी.

झोत पृष्ठभागाला काटकोनात असावा. ५° कल असल्यास १००० मिमीचे माप सुमारे १००३.८ मिमी येते. चकचकीत धातूवर मात्र थेट परावर्तन ग्राहकात शिरू नये म्हणून थोडा कल मुद्दाम देतात. मग त्याच स्थितीत कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या अंतराशी माप जुळवणे, करावे लागते. माहितीपत्रकातील पल्ला बहुधा ९० टक्के परावर्तनाच्या पांढऱ्या पृष्ठभागासाठी असतो. काळ्या रबरावर तो बराच घटतो.

ब्रॅकेट आखूड व जाड हवा. ३०० मिमीचा ॲल्युमिनियमचा हात २०° से. तापमानवाढीत सुमारे ०.१४ मिमी वाढतो. सेन्सरची अचूकता ०.०५ मिमी असेल तर तो पैसा वाया गेला. सुरू केल्यावर सेन्सर तापून स्थिर होईपर्यंत, साधारण अर्धा तास, कॅलिब्रेशन करू नये.

सेन्सर अंतर विद्युतप्रवाहाच्या रूपात सांगतो; ४–२० मिलिॲम्पिअर आउटपुटला १००–५०० मिमी पल्ला दिल्यास १ मिमीला ०.०४ मिलिॲम्पिअर मिळतात. काम २०० ते ३०० मिमीतच असेल तर सेन्सरला पल्ला तेवढाच शिकवावा. दर मिमीचा बदल चौपट होतो. केबल शिल्डेड (विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची) घ्यावी आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलपासून दूर, वेगळ्या ट्रेमधून न्यावी. आकडा नाचतो म्हणून सरासरी वाढवण्याची सवय सर्रास दिसते. पण दर मिलिसेकंदाला एक अशा १६ नमुन्यांची सरासरी घेतली, तर १ मी/से. वेगाच्या कन्व्हेअरवरचा माल तेवढ्या वेळात १६ मिमी पुढे गेलेला असतो.

शेजारच्या सेन्सरचा ठिपका आपल्या ग्राहकाला दिसत असल्यास दोन्ही आळीपाळीने चालवावेत. वर्ग २ चा (कमी शक्तीचा) लेझरही डोळ्यांच्या उंचीवर रोखू नये. काच मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. धूळ किंवा तेलाचे तुषार असतील तिथे कोरडी, तेलविरहित हवा काचेसमोरून सोडावी. पुसल्यावर स्लिप गेज (अचूक जाडीचा ठोकळा) ठेवून माप पडताळावे, कारण पुसताना सेन्सर ब्रॅकेटवर हलकासा सरकलेला असू शकतो.