रंग काढले म्हणजे चर्चचा फोटो सुधारतो?

‘चर्चच्या आतला फोटो बिघडला? ब्लॅक अँड व्हाइट करा, खपून जातो.’ लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांकडून हे वर्षानुवर्षं ऐकतोय. यात खरं एवढंच, की ट्यूबलाइटची हिरवट झाक आणि खिडकीतला निळसर उजेड यांचं भांडण मिटतं.

पण मूळ दुखणं रंगाचं नसतंच. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हात भर दुपारी खिडकी आणि बाकाखालची सावली यांत सहज 10 स्टॉपचा फरक पडतो. दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे 1,024 पट! खिडकी पांढरीफटक जळाली की तिथली नक्षी फाइलमध्येच नसते. रंग काढून ती कुठून येणार?

उलट लाल आणि निळी काच करड्या रंगात एकसारखी दिसू शकते. म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. रंगांची माहिती राहते, लाल उजळ की निळा, हे नंतर ठरवता येतं. ब्लॅक अँड व्हाइट जेपेगमध्ये ती सोय नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, खिडकी आणि सावली दोन्ही पकडायला दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो. फ्लॅश नकोच. चुन्याच्या भिंतीचे पोपडे, बाकाच्या कडेला हात लागून आलेली चकाकी हे सगळं तिरक्या उजेडातच उठून दिसतं. सकाळी जा, आणि आधी फादरांना विचारा.