संशोधन व शिक्षण जाळी आणि मराठवाड्यातील डिजिटल दरी

विद्यापीठे, महाविद्यालये, प्रयोगशाळा व ग्रंथालये यांना परस्परांशी आणि जगभरच्या संशोधनसंस्थांशी जोडणाऱ्या, विद्याकार्यासाठीच उभारलेल्या वेगवान संगणकीय जाळ्यांना संशोधन व शिक्षण जाळी म्हणतात. व्यापारी कंपन्या जिथे ग्राहक दाट तिथे आधी केबल नेतात; ही जाळी सार्वजनिक खर्चातून चालत असल्याने आडवळणाच्या संस्थेपर्यंत पोचणे हे त्यांचे कर्तव्यच ठरते.

भारतात याचा आरंभ १९८६ मध्ये अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्याने झाला. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने ५,९९० कोटी रुपयांच्या ‘नॅशनल नॉलेज नेटवर्क’ला मंजुरी देऊन ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे सोपवले. त्याच सुमारास माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानात विद्यापीठाला सेकंदाला १ गिगाबिट (दहा लाख किलोबिट), तर महाविद्यालयांना ५१२ किलोबिटच्या मोजक्या ब्रॉडबँड जोडण्या असे प्रमाण ठरले. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हा फरक विशेष जाणवतो, कारण छत्रपती संभाजीनगर (१९५८) व नांदेड (१९९४) येथील विद्यापीठांचे बहुसंख्य विद्यार्थी मुख्य आवारात नव्हे, तर तालुक्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात.

या विद्यार्थ्यांच्या खरोखर उपयोगी पडली ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही ई-ग्रंथालय सेवा. महाविद्यालयाने वर्गणी भरली की ग्रंथपाल प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते उघडून देतो, आणि मग माजलगाव किंवा कळंबचा विद्यार्थी घरी बसून मोबाइलवर हजारो नियतकालिके व लाखो ई-पुस्तके वाचू शकतो. जिथे ग्रंथपालाचे पद रिक्त आहे तिथे मात्र खाती उघडलीच जात नाहीत. केबलपेक्षा या रिक्त पदांनी अधिक नुकसान केले आहे, असे म्हणावे लागते. केबलच्या अडचणी वेगळ्याच: रस्ता रुंदीकरणात जेसीबीने ती तुटते, वीज गेली आणि बॅटरी उतरली की राउटर बंद पडतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची, गुरुत्वीय लहरी (अवकाशात पसरणारी सूक्ष्म कंपने) टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. गुरुत्वीय लहरीचा उगम आकाशात नेमका कोठे, हे तेथील मोजमापे परदेशातील वेधशाळांच्या मोजमापांशी ताडूनच ठरणार असल्याने तेथे भरवशाची वेगवान जोडणी अपरिहार्य आहे. त्याच जोडणीतून वसमत, कळमनुरी व हिंगोलीच्या महाविद्यालयांना शाखा देण्याची तरतूद आराखड्याच्या टप्प्यावरच व्हावयास हवी.